कुलपांच्या गावातील शाळा

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलाने विज्ञान घ्यावे की वाणिज्य, मुलीने परिचारिका व्हावे की शिक्षिका, नोकरी सरकारी मिळेल की परदेशी जहाजावर. या चर्चेत धंद्याचे नाव क्वचितच निघते, आणि निघालेच तर ते थोड्या भीतीने वा थोड्या तुच्छतेने. धंदा म्हणजे लबाडी, धंदा म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी परंपरा, आपण साधी माणसे, आपल्याला ते जमायचे नाही, अशी आपली समजूत दिसते. मुले मात्र रोज दुकानात जातात, मोबाइलवरून पैसे देतात, वडिलांच्या कर्जाच्या हप्त्याविषयी ऐकतात. कर्ज, व्याज, नफा, भांडवल हे शब्द त्यांच्या कानांवरून जातात. त्यांचा अर्थ त्यांना कोणी सांगत नाही.

शाळकरी मुलांना व्यवहाराचे प्राथमिक ज्ञान द्यावे की नाही, व द्यावे तर कोणत्या हेतूने, या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात सापडते. ते स्पेनच्या उत्तरेकडील एका लहानशा गावात आणि एका साहाय्यक धर्मगुरूच्या चरित्रात आहे. आज जगभरचे अर्थशास्त्री त्या गावाचा अभ्यास करतात. परंतु या कथेचा आरंभ एका शाळेपासून झाला, आणि ती शाळा म्हणून वाचली तरच तिचा खरा बोध होतो, असे आम्हांस वाटते.

गावाचे नाव मोंद्रागोन. बास्क प्रदेशाच्या डोंगराळ दरीत वसलेल्या या गावी लोखंडकामाची परंपरा जुनी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ‘उनियोन सेर्राखेरा’ नावाचा कुलपांचा व पोलादी सामानाचा मोठा कारखाना उभा राहिला आणि गावाचे पोट त्याच्यावर चालू लागले. १९३६ ते १९३९ या काळात स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. बास्क लोकांपैकी बहुसंख्य पराभूत पक्षात होते. जनरल फ्रँकोच्या सैन्याने काही बास्क धर्मगुरूंनाही गोळ्या घातल्या. १९३६ साली मोंद्रागोनच्या मुख्य धर्मगुरूंचाही त्यात बळी गेला. युद्ध संपले तेव्हा गावात बेकारी होती, अन्नधान्याची टंचाई होती, आणि शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहत होता.

अशा गावात ५ फेब्रुवारी १९४१ रोजी पंचवीस वर्षांचे एक तरुण धर्मगुरू साहाय्यक म्हणून आले. त्यांचे नाव होसे मारिया अरिस्मेंदियारिएता. आपण त्यांना फादर होसे मारिया म्हणू. त्यांचा जन्म १९१५ साली एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी अपघातात त्यांचा डावा डोळा गेला. घरातील थोरला मुलगा या नात्याने शेतीवाडीचा वारसा त्यांचा होता. तो सोडून ते गुरुविद्यालयात दाखल झाले. युद्धकाळात त्यांनी ‘एगुना’ या बास्क भाषेतील दैनिकात काम केले आणि पराभवानंतर तुरुंगवास भोगला. दीक्षा मिळाल्यावर बेल्जियममधील लूव्हेन येथे समाजशास्त्र शिकावे, अशी त्यांची इच्छा होती. वरिष्ठांनी त्यांना मोंद्रागोनला धाडले. पुढील ३५ वर्षे, मृत्यूपर्यंत, ते तेथेच राहिले.

हे गृहस्थ वक्ते नव्हते. त्यांची प्रवचने ऐकणाऱ्यांना नीरस व दुर्बोध वाटत. परंतु गावातील तरुणांना संध्याकाळी एकत्र बसवून चर्चा करण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. पोप तेरावे लिओ यांचे १८९१ सालचे ‘रेरुम नोवारुम’ हे श्रमिकांविषयीचे परिपत्रक आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी निघालेले ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ हे परिपत्रक ते त्या मुलांपुढे उलगडत. श्रमाला प्रतिष्ठा आहे, हे सर्वजण मान्य करीत. पण प्रतिष्ठा मिळवायची कशी? कारखान्याची स्वतःची प्रशिक्षणशाळा होती. तिच्यात कामगारांच्याच मुलांना जागा मिळे, बाहेरच्यांना प्रवेश फार थोडा. फादर होसे मारिया त्या शाळेत धर्मशिक्षण देत. ही शाळा गावातील सर्व मुलांना खुली करावी व तिच्या विस्तारास आपणही हातभार लावू, अशी विनंती त्यांनी कारखान्याच्या चालकांना केली. ती मान्य झाली नाही.

तेव्हा त्यांनी गावालाच विचारायचे ठरविले. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर पेट्या ठेवण्यात आल्या. नवी शाळा हवी असेल त्याने आपले नाव व आपण काय देऊ शकतो, पैसा वा श्रम, हे कागदावर लिहून पेटीत टाकावे, असे आवाहन झाले. सुमारे ६०० लोकांनी कागद टाकले. फ्रँकोच्या हुकूमशाहीत मतपेटी लोकांच्या दृष्टीआड झाली होती. त्या काळात या गावाने आपल्या मुलांच्या शाळेसाठी पेट्या भरल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९४३ च्या ऑक्टोबरात जेमतेम वीसेक मुलांनिशी तंत्रशाळा सुरू झाली.

येथे आम्ही वाचकांचे लक्ष एका बाबीकडे वेधू इच्छितो. या शाळेतील मुले हातात कानस व पक्कड धरायला शिकली, गणित व रेखाचित्र शिकली, आणि त्याबरोबरच आणखी एक धडा त्यांच्या अंगवळणी पडला. आपली शाळा कोणाच्या पैशावर चालते, हे त्यांना ठाऊक होते. सोडती, खेळांचे सामने, नाटके यांतून पैसा उभा राही. तो कसा येतो व कोठे जातो, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडे. ‘भांडवल’ या शब्दाची व्याख्या पुस्तकात वाचण्याआधी त्यांनी भांडवल पाहिले होते. भांडवल म्हणजे शेजारच्या घरातील माणसाने आज न खर्चता उद्यासाठी विश्वासाने आपल्या हाती सोपविलेली शिल्लक. व्यवहाराचा हा पहिला पाठ होय. तो ज्याला कळला तो उधळपट्टी करताना शंभरदा विचार करतो.

शाळेतून तयार झालेल्यांपैकी ११ जणांना फादर होसे मारियांनी पुढच्या शिक्षणाला लावले. कामगाराच्या मुलाला विद्यापीठात जाऊन राहणे परवडणारे नव्हते. म्हणून त्यांनी सारागोसा विद्यापीठाशी बोलणे करून, मुलांनी मोंद्रागोनलाच नोकरी करीत अभ्यास करावा व परीक्षेपुरते सारागोसाला जावे, अशी व्यवस्था लावून दिली. १९५२ पर्यंत ते तांत्रिक अभियंते झाले. कारखान्यात त्यांना बढत्याही मिळाल्या. कामगारांनाही कारखान्याच्या मालकीत वाटा मिळावा, यासाठी त्यांनी आतून प्रयत्न केला; तो फळाला आला नाही. अखेर त्यांपैकी पाच जणांनी नोकरी सोडली. उसातोरे, लारान्यागा, गोरोन्योगोइतिया, ओर्माएचेया आणि ओर्तुबाय ही त्यांची आडनावे. आद्याक्षरे जुळवून त्यांनी आपल्या उद्योगाला ‘उलगोर’ हे नाव दिले.

व्यवहार म्हणजे काय, हे आता खऱ्या अर्थाने समजू लागले. नवा कारखाना काढण्यास सरकारी परवाना लागे व तो मिळणे दुरापास्त होते. १९५५ साली त्यांनी वितोरिया शहरातील एक दिवाळखोर कारखाना विकत घेतला; त्याच्या यंत्रांहून त्याच्या परवान्याचे मोल त्यांना अधिक होते. पैसा गावातून आला. सुमारे १०० लोकांनी, कंपनीचे स्वरूप काय असेल हेही नीट ठाऊक नसताना, या पाच तरुणांच्या शब्दावर आपली बचत दिली. १९५६ च्या एप्रिलात मोंद्रागोनमधील कारखान्याच्या पायाभरणीला फादर होसे मारियांनी आशीर्वाद दिला. रॉकेलवर चालणारे स्टोव्ह हा त्यांचा आरंभीचा माल. युद्धाने पोळलेल्या घरांना स्वस्त ऊब हवी होती. जे लोकांना हवे ते त्यांनी बनविले. गिऱ्हाईकाची गरज ओळखणे हा दुसरा पाठ.

तिसरा पाठ नियमांचा. १९५९ साली उलगोरची घटना सहकारी तत्त्वावर मंजूर झाली. तिच्यातील काही कलमे शाळकरी मुलालाही समजतील अशी आहेत. प्रत्येक सभासदाला एक मत, मग तो व्यवस्थापक असो वा झाडलोट करणारा. सभासद होताना प्रत्येकाने आपले भांडवल घालायचे. सर्वांत कमी व सर्वांत अधिक मोबदला यांत आरंभी एकास तीन याहून जास्त अंतर नसावे. सभासदाला महिन्याकाठी जे मिळे त्याला तेथे पगार म्हणत नसत. वर्षअखेर जो वाढावा उरेल त्यातील ती आगाऊ उचल मानली जाई. वर्ष चांगले गेले तर वाढाव्याचा काही भाग शिक्षणाला व गावाच्या कामांना, मोठा भाग राखीव निधीत, आणि उरलेला सभासदाच्या भांडवली खात्यावर जमा. हे खाते निवृत्तीपर्यंत वा संस्था सोडीपर्यंत सहजासहजी काढून घेता येत नसे. वर्ष तोट्यात गेले तर तोटाही त्याच खात्यात लिहिला जाई. ‘नफा आमचा’ म्हणणाऱ्याने ‘तोटाही आमचा’ म्हणावे, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते.

त्याच वर्षी फादर होसे मारियांनी एक पतपेढी काढण्याचा आग्रह धरला. उलगोरचे संस्थापक तयार होईनात. काल-परवापर्यंत आम्ही कारागीर होतो, आता कोठे कारखाना चालवायला शिकतो आहोत, सावकारी पेढीतले आम्हांला काय कळते, असा त्यांचा सूर होता. तरीही १९५९ मध्ये ‘काहा लाबोराल पोपुलार’ म्हणजे श्रमिकांची लोकपेढी स्थापन झाली. अर्जावर दोन संस्थापकांच्या सह्या फादरांनी त्यांना न विचारता स्वतःच केल्या होत्या, असे नंतर उघड झाले. या कृतीचे समर्थन आम्ही करणार नाही. सही हा व्यवहाराचा आत्मा आहे, आणि हेतू कितीही थोर असला तरी दुसऱ्याची सही आपली होत नाही. विद्यार्थ्यांना ही कथा सांगताना हा भागही सांगावा. मात्र पतपेढीमागील विचार अचूक ठरला. गावाची बचत गावाबाहेरच्या बँकेत जाण्याऐवजी गावातील नव्या उद्योगांना मिळू लागली. सहकारी सभासद हे स्वतःचे मालक, म्हणून कामगारांच्या सरकारी विम्यातून त्यांना वगळण्यात आले होते. या पेढीच्या आश्रयानेच त्यांच्या आजारपणाची व म्हातारपणाची तरतूद सुरू झाली. पुढे ती व्यवस्था ‘लागून आरो’ या नावाने नांदू लागली.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. १९६६ साली या तंत्रशाळेच्या आधाराने ‘आलेकोप’ नावाची संस्था निघाली. ती विद्यार्थ्यांची सहकारी उत्पादक संस्था होती. मुलांनी अर्धा दिवस वर्गात बसावे आणि अर्धा दिवस आलेकोपच्या कारखान्यात काम करावे. एक तुकडी शिकत असता दुसरीने यंत्रांपाशी उभे राहावे. केलेल्या कामाचा मोबदला मिळे व त्यातून शिक्षणाचा आणि राहण्याचा खर्च निघे. त्यामुळे गरिबाघरचा मुलगाही बापावर भार न होता शिकू शकला.

परंतु आलेकोपचे वैशिष्ट्य केवळ ‘कमवा व शिका’ एवढेच नव्हते. तिच्या कारभारात तीन घटकांचे प्रतिनिधी बसत: विद्यार्थी, तेथील कायम कर्मचारी, आणि तिला आधार देणाऱ्या शाळा व सहकारी संस्था. मालाची किंमत किती ठेवावी, नवे यंत्र घ्यावे की जुने दुरुस्त करावे, वाढावा वाटावा की राखून ठेवावा, असे प्रश्न तेथे चर्चेला येत आणि मिसरूड फुटू लागलेली मुले त्यांत मत देत. आपण दिलेल्या मताचा परिणाम आपल्याच खात्यावर उमटतो, हे त्यांना वर्षअखेर दिसे. ताळेबंद वाचायला याहून चांगली शाळा कोणती? आजही मोंद्रागोनच्या विद्यापीठात हा धागा तुटलेला नाही. २००९ साली तेथे सुरू झालेल्या एका पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थी पहिल्याच वर्षी गटागटाने स्वतःची कंपनी स्थापून तिच्या कारभारातून शिकतात.

ही कथा निर्दोष यशाची आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. तंत्रशाळा आरंभी मुलग्यांसाठीच होती, आणि स्त्रियांना लग्न झाल्यावर काम सोडावे लागे. १९६९ साली फादर होसे मारियांच्या प्रोत्साहनाने स्त्रियांनी ‘औसो लागून’ ही स्वतःची संस्था काढली, उपाहारगृहांचे जेवण व स्वच्छता यांची कामे घेतली आणि संसार सांभाळून अर्धवेळ काम करण्याची सोय करून घेतली. १९७४ साली उलगोरमध्ये संप झाला. कामगारसंख्या साडेतीन हजारांच्या घरात गेली होती, कामाच्या प्रतवारीवरून असंतोष होता, आणि मालक व कामगार एकच असतील तर संप कोणाविरुद्ध करायचा, या प्रश्नाने गाव दुभंगले. संपाच्या १७ पुढाऱ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांना परत येण्याची वाट मोकळी होण्यास काही वर्षे लागली. फादर होसे मारियांच्या अखेरच्या दिवसांवर या घटनेची छाया होती. २९ नोव्हेंबर १९७६ रोजी ते वारले. संस्थांकडून त्यांनी कधी मानधन घेतले नव्हते, आणि गावात ते सायकलवरून फिरत.

सर्वांत मोठा आघात पुढे झाला. उलगोरचेच पुढील रूप असलेली ‘फागोर’ ही घरगुती उपकरणांची संस्था २०१३ साली दिवाळखोरीत निघाली. तिने २००५ साली फ्रान्समधील एक मोठी कंपनी कर्ज काढून घेतली होती. २००८ नंतर स्पेनमधील घरबांधणी कोसळली. घरेच विकली जाईनात तेथे नवे धुलाईयंत्र कोण घेणार? भगिनी संस्थांनी पैसा पुरविला, आणि एके दिवशी यापुढे देता येणार नाही असे त्यांना सांगावे लागले. पाच हजारांहून अधिक माणसे या संस्थेवर अवलंबून होती. बास्क प्रदेशातील बहुतेक सभासदांना इतर सहकारी संस्थांनी सामावून घेतले वा मुदतपूर्व निवृत्ती दिली. परंतु अनेकांची भांडवली खाती बुडाली, आणि संस्थेवर विश्वासून पैसे गुंतविणाऱ्या साध्या कुटुंबांनाही झळ पोहोचली. बंधुभाव होता, हेतू शुद्ध होता. पण कर्जाच्या आकड्याला शुद्ध हेतू कळत नाही. बाकीचा समूह मात्र या धक्क्यातून टिकला. आजही सुमारे ७० हजार माणसांना तो रोजगार देतो.

या सर्व इतिहासातून आपल्या मुलांसाठी काय घ्यावे? कारखाने काढा, असे आम्ही म्हणत नाही. आठवी-नववीच्या मुलांना सहज करता येईल असा एक प्रयोग मात्र सुचवितो. समजा, धर्मग्रामातील दहा मुलांनी नाताळसाठी कागदी तारे करून विकायचे ठरविले. प्रत्येकाने ३०० रुपये घातले. भांडवल झाले ३,००० रुपये. ४० ताऱ्यांच्या सामानाला प्रत्येकी ६० प्रमाणे २,४०० रुपये लागले. कात्र्या, साचे यांना ६०० रुपये. ही अवजारे तीन वर्षे चालतील. प्रत्येकी १२० रुपयांस ३० तारे विकले गेले. त्यांपैकी ५ उधारीवर गेले. उरलेले १० तारे नाताळानंतर कोणी घेणार नाही.

आता मुलांना विचारावे, नफा किती? हाती रोख ३,००० रुपये आहेत. एखादा म्हणेल, जेवढे घातले तेवढेच आले, म्हणजे नफा शून्य. दुसरा विक्रीच्या ३,६०० रुपयांतून विकलेल्या ताऱ्यांचे १,८०० वजा करून अर्धी रक्कम नफा आहे असे सांगेल. दोघांनाही वहीपाशी बसवावे. विक्री ३,६००. सर्व ४० ताऱ्यांचे सामान २,४००, कारण न विकलेलेही आपणच केले. अवजारांचा या वर्षीचा घसारा २००. नफा १,००० रुपये. उधारीचे ६०० बुडाले तर तो राहतो ४००. आणि सर्वांनी आपापले ३०० परत घेतले तर हाती एक रुपयाही नाही; तो ४०० रुपयांचा नफा कात्र्यांत आणि साच्यांत आहे. नफा आणि रोकड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्या मुलाला तेराव्या वर्षी उमगले, तो पुढे कोणाच्या गोड बोलण्याला भुलून वडिलांची पुंजी बुडवणार नाही. त्यानंतर शेवटचा प्रश्न विचारावा: ज्याने सर्वांत अधिक तारे केले आणि ज्याने फक्त पैसे घातले, त्या दोघांत हे ४०० रुपये कसे वाटावेत? त्या प्रश्नावर मुले भांडतील. भांडू द्यावीत. मोंद्रागोनच्या साऱ्या नियमांचा जन्म याच प्रश्नातून झाला.

आपल्याकडे ही बीजे नाहीत असे नाही. वसईच्या कॅथलिक समाजाने १९१८ साली सहकारी पतसंस्था उभारली आणि तिची पुढे बँक झाली, हा आपल्याच लोकांचा पराक्रम आहे. पण आपली मुले त्या बँकेत खातेदार म्हणून जातात. ती कशी उभी राहिली, हे त्यांना कोणी शिकवीत नाही.

२०१५ च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी फादर होसे मारिया यांचे सद्गुण वीरोचित असल्याचे मान्य केले. ख्रिस्तसभा आता त्यांना ‘पूजनीय’ म्हणून ओळखते. रस्त्याच्या कोपऱ्यावर पेटी ठेवून त्यांनी गावाला एक प्रश्न विचारला होता: तुमच्या मुलांच्या शिक्षणासाठी तुम्ही काय द्याल? आमच्या धर्मग्रामांतून वर्षभर अनेक पेट्या फिरतात. त्यांतील एखादी या कामासाठी फिरावी, आणि तिचा हिशेब मुलांनी ठेवावा.